एकाच नंबरची दोन बिलं

आमच्या दुकानात साडेचारशे प्रकारचा माल होता, आणि त्यातल्या कशावर किती विक्रीकर लागतो हे सांगणारा माणूस एकच होता: आमचे कराचे वकील. तेही लगेच सांगत नसत. पंपावर एक दर, त्याच पंपाच्या वॉशरवर दुसरा, रबरी पट्ट्यावर तिसरा. पट्टा पंपाबरोबरच विकला तर कोणता, असं विचारलं की ते चष्मा काढून पुसू लागत.

"बघून सांगतो, वहिनी."

मी वहीत लिहायची: वकीलसाहेब, पट्टा, उत्तर बाकी. बाकी उत्तरांची यादी दीड पान झाली तेव्हा मी ठरवलं की हे काम आपल्या हातात घ्यायचं.

दुकान जळगावात, मोटारपंपांच्या सुट्या भागांचं. ते माझ्या सासऱ्यांनी काढलेलं. त्यांना सगळा बाजार आबा म्हणे. ते धरणगावजवळच्या खेड्यातून आले, आधी सायकलवर वॉशर विकले, मग गाळा घेतला. माझा नवरा सकाळीच पान्यांची पिशवी घेऊन केळीच्या मळ्यांत पंप दुरुस्त करायला जाई. गल्ल्यावर आबा बसत. बोदवडपासून गिऱ्हाईक येई ते तुटका भाग पोत्यात घालूनच. "अस्साच द्या," म्हणून तो काउंटरवर आपटे. लिखापढी माझ्याकडे होती.

मी धुळ्याची, मास्तरांच्या घरातली. लग्नाआधी टायपिंग शिकले होते आणि धुळ्यात पहिल्यांदा निघालेल्या संगणकाच्या वर्गात सहा महिने बसले होते. तेव्हा मुली शिवणकामाच्या वर्गाला जात. मला शिवण येत नव्हतं, अजून येत नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाल्यावर धुळ्यातली एक टायपिंगची संस्था जुना संगणक विकत होती. तो मी आणला. माझा थोरला भाऊ धुळ्याच्या तंत्रशाळेत शिकवायचा, त्याने आमच्यासाठी प्रोग्राम लिहून दिला. बिलाचा नंबर, तारीख, गिऱ्हाईक, माल आणि दर भरायचे, की प्रत्येक दराची विक्री वेगवेगळी बेरजेसकट समोर येई. जे काम वकिलांचा कारकून तीन आठवडे हाताने उतरवायचा ते एका दुपारी होऊ लागलं.

शेजारच्या हार्डवेअरवाल्याने दुकानात येऊन पडद्याकडे वाकून पाहिलं.

"आबा, सुनेनं टीव्ही बसवला की दुकानात! शिनिमा दिसतो का यात?"

"आकडे दिसतात," मी म्हटलं. "तुमचेही दाखवू का?"

तो आपल्या दुकानात परत गेला. पण बाजारात मात्र बोलत राहिला.

दर तीन महिन्यांनी विक्रीचं विवरणपत्र भरायचं असे. मी पडद्यावरची बेरीज उतरवून घ्यायची, विवरणपत्र भरायची, चलन बँकेत द्यायची. पूर्ण वही मात्र छापत नव्हते. छपाईची शाई महाग, सलग जोडलेला छपाईचा कागदही महाग. लागेल तेव्हा एकदम छापू, असा माझा हिशेब. या वाक्यात माझी पहिली चूक आहे, ती मी आधीच कबूल करून टाकते.

दोन वर्षांनी, यंत्रावर हिशेब ठेवलेल्या पहिल्या वर्षाच्या तपासणीची नोटीस आली. विक्रीकराच्या साहेबांसमोर पुस्तकं घेऊन या. मी एका दिवसात वर्षाची विक्रीवही छापली, कागद कापले, पुस्तकबांधणीवाल्याकडून शिवून घेतले, प्रत्येक पानावर आकडा टाकला. नंबर एकपासून शेवटच्या बिलापर्यंत कुठे खाडा नव्हता. मी दोनदा पाहिलं. पण बेरीज विवरणपत्रांशी ताडून पाहिली नाही. यंत्राने केलेली बेरीज, ती काय ताडायची? ही दुसरी चूक.

साहेब पन्नाशीचे होते, शांत, टेबलावर गुळगुळीत लाकडी पट्टी. वही उघडून ते एकेका ओळीवर पट्टी सरकवत गेले. आमचे वकील माझ्या शेजारी बसून घड्याळ पाहत होते. शेवटी साहेबांनी विवरणपत्रांचा गठ्ठा काढला, कागदावर चार आकडे मांडले आणि मला विचारलं,

"बाई, एक एप्रिलला दुकान बंद होतं का?"

"नाही साहेब."

"दोन एप्रिलला?"

"नाही. उन्हाळ्यात तर आम्ही अमावास्येलाही उघडतो."

"मग तुमच्या वहीत एप्रिल बावीस तारखेला कसा सुरू होतो?"

त्यांनी पट्टी ठेवून दाखवलं. नंबर सोळाशे तीस, तारीख एकतीस मार्च. त्याच्याखाली नंबर सोळाशे एकतीस, तारीख बावीस एप्रिल, तीही आदल्या वर्षाची. नंबर ओळीने होते, म्हणून मी तारखांकडे पाहिलंच नव्हतं. एप्रिलचे पहिले तीन आठवडे, आमच्या हंगामाचे सगळ्यात गर्दीचे दिवस, वहीत नव्हते.

"विवरणपत्रात विक्री जास्त आहे, वहीत कमी," साहेब म्हणाले.

"म्हणजे कर आम्ही जास्तीचाच भरलाय," मी म्हटलं. "चोरी करणारा असा भरतो का?"

"ते नंतर. वही जुळत नाही, हे आधी. तीन आठवडे गेले ते मला दिसले. न दिसलेले किती गेले, हे मी कशावरून ठरवू?" त्यांनी वही मिटली. "आठ दिवस देतो."

बाहेर व्हरांड्यात वकिलांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा सल्ला सरळ होता. एक अर्ज द्यायचा: यंत्रातील दोषामुळे आमची पुस्तके विश्वासार्ह नाहीत, साहेबांनी आपल्या अंदाजाने विक्री ठरवावी.

"अंदाज थोडासाच वाढवतील. मी बोलतो त्यांच्याशी. भरा आणि मोकळे व्हा. आणि ते डबडं विकून टाका, वहिनी. माझा कारकून आहे ना अजून."

"अर्जावर सही कोण करणार?"

"आबा. दुकान त्यांच्या नावावर आहे."

"मग नाही."

"अहो, नुसती एक ओळ आहे."

ती एकच ओळ होती हे खरं. पण ती एकदा फाइलीत गेली की दरवर्षी नवा साहेब आधी ती वाचणार आणि मग आमची वही उघडणार. ज्या दुकानाची पुस्तकं एकदा नाकारली जातात, त्या दुकानाला पुढे दरवर्षी आपला खरेपणा नव्याने सिद्ध करावा लागतो. बाजारात असे दोघे होते. त्यांच्याबद्दल लोक कसं बोलत ते मी ऐकलं होतं. आणि आबांनी सायकलवर वॉशर विकताना एक वॉशर दोनदा मोजला नव्हता. त्या माणसाने 'आमची वही विश्वासार्ह नाही' यावर सही करायची? तीही मी कागद वाचवला म्हणून?

नवरा घरी म्हणाला, "हंगाम आहे. सही करून टाकू, डोकं शांत."

"तुझं शांत होईल," मी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला गेले. पिशवीत फ्लॉप्या, चार विवरणपत्रं, दशम्या आणि ठेचा.

भावाने तंत्रशाळेतल्या यंत्रावर फ्लॉपी लावली. पाच मिनिटांत तो मागे रेलला आणि हसू लागला. मला राग आला.

"अगं, बिलाचा नंबर हीच प्रोग्रामची किल्ली. एका वर्षाच्या फायलीत एका नंबराचं एकच बिल. तोच नंबर पुन्हा भरलास की जुनं पुसतं आणि नवं बसतं. तुमच्याकडे तोच नंबर पुन्हा येतो कसा?"

"दिवाळीला पुन्हा एकपासून सुरू होतो ना."

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणतं म्हणजे? पाडव्याला नवं बिलबुक. एक नंबरचं बिल आबा स्वतः फाडतात."

तो माझ्याकडे बघतच राहिला. आमच्या मास्तरांच्या घरात वर्ष जूनला सुरू होई. सरकारचं एप्रिलला सुरू होतं, आणि आता सगळ्या व्यापाऱ्यांना तेच लावलेलं होतं. व्यापाऱ्याचं वर्ष मात्र पाडव्याला. सरकारने कायदा बदलला म्हणून आबांनी पाडवा बदलला नव्हता. आदल्या मार्चअखेर आमचं बिल चौदाशे बारापर्यंत गेलं होतं, म्हणून एप्रिल चौदाशे तेरापासून सुरू झाला. मग दिवाळी आली, नंबर पुन्हा एक. त्या वर्षी ऊन लवकर तापलं, पंप जास्त जळाले, आणि मार्चअखेर आम्ही सोळाशे तीसपर्यंत पोचलो. म्हणजे चौदाशे तेरा ते सोळाशे तीस हे नंबर एका सरकारी वर्षात दोनदा आले. मार्चची बिलं भरताना मीच माझ्या हाताने एप्रिलची दोनशे अठरा बिलं पुसली होती. विवरणपत्रात ती होती, कारण ते जुलैतच भरून झालं होतं. धंदा वाढला नसता तर हे कधी कळलंही नसतं.

"मला सांगायचं नाहीस का?" भाऊ म्हणाला.

"तू विचारलंस का?"

"असलं कोण विचारेल!"

"असलं कोण सांगेल! सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगितलं होतं का मी तुला?"

त्याने मग सोपा उपाय काढला: नंबर एप्रिलपासून सुरू करा, कटकट संपेल.

"नाही," मी म्हटलं. "आबा पाडव्याला एक नंबरचं बिल करणार. प्रोग्राम तू बदल."

"एका यंत्रासाठी एक सवय बदलता येत नाही?"

"यंत्र आमच्यासाठी आणलंय."

तो कुरकुरत बसला आणि जेवणाच्या आत त्याने बदल केला. नंबराच्या आधी दिवाळीचं वर्ष. झालं.

पण पुसलेली बिलं त्यातून परत येणार नव्हती. ती एकाच ठिकाणी होती, बिलबुकांतल्या कार्बनच्या प्रतींत. आणि ती बिलबुकं दप्तरात होती.

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला सरत्या वर्षाच्या वह्या आणि बिलबुकं लाल मांजरपाटात बांधतात. गाठीत सुपारी आणि रुपया. ते दप्तर माळ्यावर जातं आणि पुन्हा सोडत नाहीत. बांधलेलं वर्ष सोडलं तर लक्ष्मी त्या वाटेने निघून जाते, असं आबांच्या आईने त्यांना सांगितलेलं. वकिलांकडे जाणारी विक्रीवही वेगळी असे, तिच्यावर आजवर भागलं होतं. बिलबुकं कुणी कधी मागितली नव्हती.

मी आबांना दुकानातच सांगितलं, आडपडदा न ठेवता. दप्तर सोडावं लागेल.

"नही," आबा म्हणाले आणि फूटव्हॉल्व पुसत राहिले.

"आबा, तुमची मर्जी नसेल तर मी सोडणार नाही. पण मग या कागदावर तुम्हाला सही करावी लागेल." मी वकिलांनी दिलेला मसुदा त्यांच्यासमोर वाचला. सावकाश वाचला. 'विश्वासार्ह' शब्दावर त्यांचा हात थांबला.

"म्हंजे काय शे ते?"

"म्हणजे आपल्या वहीवर भरवसा ठेवू नका, असं आपणच लिहून द्यायचं."

"कोन्ही वही?"

"आपली. तुमची."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक पंपाची गळती थांबवणारी ग्लँडदोरी मागायला आलं, त्याला त्यांनी ती मोजून दिली, पैसे घेतले, बिल फाडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कव्हय जानं शे?"

"सोमवारी."

"मी बी येसू. आनि दप्तर मीच सोडसू. तू हात लावू नको, माय."

माझ्या हातून पाप होऊ नये म्हणून ते म्हणाले, की माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून, हे मी विचारलं नाही. दोन्ही असेल.

सोमवारी आम्ही गेलो. मी, आबा, आणि तोंड पाडून वकील. आबांनी धुवट धोतर नेसलं होतं आणि लाल दप्तर खांद्यावर घेतलं होतं. शिपाई घेऊ का म्हणाला तरी त्यांनी ते दिलं नाही. साहेबांच्या टेबलावर ते ठेवून त्यांनी आधी हात जोडले, साहेबांना नव्हे, दप्तराला. मग गाठ सोडू लागले. गाठ दोन वर्षांची, घट्ट बसलेली. साहेबांनी कात्री पुढे केली.

"कात्री नही," आबा म्हणाले.

गाठ सुटली तशी सुपारी टेबलावरून घरंगळली. साहेब खुर्चीतून उठले, वाकून त्यांनी ती शोधली, आणि आबांच्या तळहातावर ठेवली. त्या माणसाबद्दल माझं मत तिथे जरा बदललं.

"दखा साहेब," आबा म्हणाले, "हाई मन्हं बठ्ठं वरीस शे. खोटं निंघनं ते सांगा." त्यांचं सगळं वर्ष टेबलावर मोकळं पडलं होतं.

मग दोनशे अठरा बिलं. मी नंबर, तारीख, रक्कम वाचायची, साहेब मांडायचे. धरणगाव, दोन वॉशर. असोदा, इम्पेलर एक. कोणाचं नाव आबांच्या अक्षरात लागलं नाही की आबा न बघताच सांगत: हा अमका, याची विहीर नाल्याकाठी. दुपार होत आली तेव्हा साहेबांनी बेरीज केली. विवरणपत्राशी एका बिलाचा फरक आला. शोधलं तर एक बिल साहेबांनी बेरजेत धरलंच नव्हतं, त्याच्या प्रतीवर आडवी रेघ आणि आबांचा शेरा: रद्द, माल परत. रद्द झालेलं बिल मी यंत्रात भरलं होतं आणि त्याचाही कर भरला होता.

"हा परत मागणार का?" साहेबांनी विचारलं. पहिल्यांदा त्यांच्या आवाजात थोडी गंमत होती.

"मागणार."

वकिलांनी टेबलाखाली माझ्या पायाला पाय लावला. मी पाय बाजूला घेतला.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "पुस्तकं मान्य करतो. पण पुढच्या वेळी हाताने लिहिलेली वही आणा, बाई. हे यंत्र चुकतं, ते तुम्हीच सिद्ध केलंत."

"यंत्र चुकलं नाही, साहेब. आम्ही त्याला आमची दिवाळी सांगितली नव्हती. आता सांगितलीय. हाताने लिहूनही लोक खोटं लिहितात. छापलेली वही चालत नाही, असं कायद्यात कुठे आहे ते दाखवा, मी उद्यापासून हाताने लिहीन."

ते पट्टीशी चाळा करत राहिले. "तसं नाहीये कुठे," शेवटी म्हणाले. "चालेल."

वकील उठले. "झालं तर! चला वहिनी, चला आबा."

मी उठले नाही.

"साहेब, हे आदेशात लिहून मिळेल ना? की छापलेली वही बिलांच्या प्रतींशी ताडून पाहिली आणि मान्य केली."

"मान्य केली म्हटलं ना मी."

"तुम्ही म्हटलंत. तुमची बदली झाली की तुमच्या खुर्चीवरच्या साहेबांना मी काय दाखवू?"

वकील म्हणाले, "अहो, पोस्टाने येतो आदेश. महिन्याभरात." साहेब म्हणाले, "टायपिस्ट जेवायला गेलाय." मी म्हटलं, "जेवू द्या. आम्ही बसतो." आणि व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले. वकील थोडा वेळ उभे राहिले, मग दुसऱ्या पक्षकाराचं काम आहे म्हणून निघून गेले. आबांनी दप्तर पुन्हा बांधलं, सुपारी आत घातली, रुपया घातला, गाठ मारली.

"घर जा म्हनी तो," ते म्हणाले. वकिलांबद्दल.

"तुम्हाला जायचंय का?"

"मी कसाले जाऊ? वही मन्ही शे."

दोन तासांनी टायपिस्टने कागद आणून दिला आणि पोच म्हणून सही करायला वही पुढे केली. मी आधी आदेश वाचला, उभ्याने. विक्री मान्य, कर मान्य, रद्द बिलाचा परतावा मान्य. छापील वहीबद्दल एक शब्द नव्हता. मी सही केली नाही. कागद घेऊन आत गेले आणि साहेबांच्या समोर ठेवला.

"एक ओळ राहिली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर बाकावर बसलेल्या आबांकडे. मग बेल वाजवली. टायपिस्ट आला, चिडलेला. पूर्ण पान पुन्हा टाइप करावं लागणार होतं, कारण ती ओळ मध्ये यायला हवी होती, खाली चिकटवलेली चालणार नव्हती. तेही मीच सांगितलं.

त्याने पान पुन्हा टाइप केलं. साहेबांनी सही केली, शिक्का मारला. ओळ तिसऱ्या परिच्छेदात होती. मी ती आबांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग मी पोचेच्या वहीत सही केली.